दोन शिट्ट्या म्हणजे चालू

केजच्या शिबिराहून परत आल्यापासून बिभीषण पंख्याखाली झोपेना. मोरखोरीत वीज इतकी कमी असायची की पंखा फिरताना शेवटचा कधी पाहिला हे घरात कुणालाच आठवत नव्हतं, तरी त्यानं खाट ओढून भिंतीशी लावली. मग भिंतीवरच्या फळीवर पितळेचे डबे आहेत हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणून खाट दाराशी आली. दाराशी आली तेव्हा केशरबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, पहाटे म्हशीकडे जायला वाटच उरली नाही.

"आता म्या काय खाटंवरून उडी मारून जाऊ का?" तिनं विचारलं.

"उडी नको मारू," बिभीषण गंभीरपणे म्हणाला. "लई अपघात उडीनंच होतेत. शिबिरात सांगितलंय."

शिबीर होतं कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर, तालुक्यातल्या आणि आसपासच्या सहकारी संस्थांसाठी. मोरखोरीच्या दूध संस्थेकडून खरं तर चेअरमन आसारामआबांनी जायचं होतं, पण त्यांच्या साडूच्या घरी त्याच दिवशी जावळ निघालं. म्हणून त्यांनी सचिवाला, बिभीषणला, पाठवलं. "जेवन चांगलं राहतंय तितं, जाऊन ये," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. बाकीच्या संस्थांचे सचिव जेवण झाल्यावर मागच्या रांगांत माना टाकून पेंगले. बिभीषण मात्र पहिल्या रांगेत बसला आणि पडद्यावरची चित्रं पाहत राहिला. घसरणाऱ्या शिड्या, तुटणाऱ्या दोऱ्या, वरून येणाऱ्या विटा. संध्याकाळपर्यंत त्याला एकाच गोष्टीचं नवल वाटत होतं, की आपण एवढे दिवस जिवंत राहिलो तरी कसे. निघताना त्याला एक पिवळं जाकीट आणि गळ्यात अडकवायची शिट्टी मिळाली. ती दोन्ही अंगावर चढवूनच तो शेअर जीपमध्ये बसला, आणि जीपवाल्यानं त्याला पोलिसांचा माणूस समजून वडवणीपर्यंत गाडीत फक्त बसतील तेवढीच माणसं घेतली. हा सुरक्षिततेचा पहिला विजय होता, असं बिभीषण नंतर सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डेअरीवर गेला आणि नेहमीसारखं कुलूप काढायच्या आधी त्यानं वर पाहिलं.

डेअरीच्या दारासमोर जुना कडुलिंब होता. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. विहिरी तळाला गेल्या होत्या, गावाला टँकरचं पाणी होतं, आणि आख्ख्या मोरखोरीत हिरवं म्हणावं असं त्या लिंबावरच थोडंफार उरलं होतं. त्याच्या दोन मोठ्या फांद्या रस्त्याच्या बाजूला आल्या होत्या. एक हिरवीगार, पसरलेली. तिचीच काय ती सावली. दुसरी तिच्या वरच्या अंगाला, वाळून खडखडीत झालेली, माणसाच्या कमरेएवढी जाड. दूध घालायला आलेल्या बाया रोज सकाळी किटल्या घेऊन हिरव्या फांदीच्या सावलीत, म्हणजे वाळक्या फांदीच्या बरोबर खाली, उभ्या राहायच्या.

बिभीषण पाहत असतानाच वरून बोटभर काटकी निसटली आणि टप्पकन केशरबाईच्या किटलीत पडली. केशरबाईनं ती चिमटीत धरून काढली, झटकली आणि पुन्हा शेजारणीशी बोलायला लागली. बिभीषणला मात्र दरदरून घाम फुटला. काटकीच्या जागी त्याला आख्खी फांदी दिसली, आणि किटलीच्या जागी केशरबाई.

तो तडक आसारामआबांकडे गेला.

"आबा, ती फांदी तोडावी लागतीय."

"मंग तोड की," आबा म्हणाले. ते ओसरीवर दाढी करून घेत होते. "म्हाळूला सांग, कुऱ्हाड घेऊन यील."

"असं नुसतं सांगून जमत न्हाई आबा. आधी धोका वळखायचा, मंग त्याचं नियोजन करायचं, मंग काम."

"अरे, झाड तोडायलास का पोरीचं लगीन लावायलास?"

पण बिभीषणनं ऐकलं नाही. आबांनीही फार ताणलं नाही. वस्तरा गळ्यापाशी होता.

म्हाळू हा पंचक्रोशीतला झाडतोड्या. त्याला आपल्या कामाचा फार अभिमान होता, आणि तो अभिमान तो चमत्कारिक पद्धतीनं मांडायचा.

"वडवनीपासून सिरसाळ्यापातूर असं एक झाड न्हाई सायेब, ज्यावरून म्या पडलो न्हाई," त्यानं बिभीषणला पहिल्याच भेटीत सांगितलं. "चिंचंवरून पडलो, आंब्यावरून पडलो. बाभळीवरून तर बाभळीतच पडलो."

"ह्यावरून पडायचं न्हाई," बिभीषण म्हणाला.

म्हाळूला हे जरा अपमानाचं वाटलं. "तुमी म्हणताल तसं," तो नाराजीनं म्हणाला.

बिभीषणची तयारी जोरात होती. तारा जवळून जात होत्या, म्हणून त्यानं लाईनमनला गाठून त्या वेळेपुरती वीज बंद करायचं कबूल करून घेतलं. झाडाभोवती मोठं रिंगण आखून दोरी बांधायची ठरली. म्हाळूच्या कमरेला दोर बांधून तो खोडाला आवळायचा ठरला. उरलं डोकं. गावात हेल्मेट एकच होतं, आबांच्या पोराच्या मोटारसायकलचं. कानासकट आख्खं डोकं झाकणारं, पुढं काळी काच असलेलं. ती काच अशी गच्च बसली होती की वर होईना.

म्हाळूनं ते डोक्यात घातलं आणि हात पुढं करून चाचपडला.

"काय म्हाळू, बरं वाटतंय का?"

आतून काहीतरी आवाज आला. बिभीषणनं हेल्मेट उपसून काढलं.

"दिवस मावळला म्हनलं," म्हाळू म्हणाला. "आन तुमी काय बोलायलात ते बी ऐकू येईना."

"ऐकू यायची गरजच न्हाई," बिभीषण आनंदानं म्हणाला, कारण याची सोय त्याच्या गळ्यात लटकत होती. "शिट्टी ऐकू यील. ध्यान देऊन ऐक. एक शिट्टी म्हंजी थांब. दोन शिट्ट्या म्हंजी चालू. तीन शिट्ट्या म्हंजी सगळं टाकून खाली ये."

"एक थांब, दोन चालू, तीन खाली," म्हाळूनं घोकलं.

"आन माझ्याबिगर दुसऱ्या कुनाचं ऐकायचं न्हाई."

"तुमच्याबिगर शिट्टी हाय कुनाकडं?" म्हाळू म्हणाला, आणि ते बिभीषणला पटलं.

ठरल्या दिवशी दूध घेऊन झाल्यावर बिभीषणनं पिवळं जाकीट घातलं आणि झाडाभोवती दोरी बांधायला घेतली. दुसऱ्या टोकाची गाठ मारून वळतो तो काय, दोरीच्या कडेनं रांग लागलेली. पुढं घागरी, हंडे, मागं बाया. गडी माणसंही येत होती.

"तुमी कावून उभा राहिलात?" त्यानं विचारलं.

"दोरी बांधली म्हून," पहिली बाई म्हणाली.

"धोका हाय म्हून बांधलीय. हिथं कुनी थांबायचं न्हाई."

"ते ठीक हाय. पर वाटनार काय हायेत?"

"काईच वाटनार न्हाई."

बाईनं मागच्या बाईकडं पाहिलं. "अजून आलं न्हाई म्हनतेत," तिनं निरोप मागं पाठवला, आणि सगळी रांग खाली बसली. त्या दोन वर्षांत मोरखोरीत दोरी बांधली की काहीतरी मिळायचं. पाणी, पेंड, नाहीतर कडबा. फुकट बांधलेली दोरी गावानं पाहिलीच नव्हती.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे वीज गेली. वीज गेली तशी पिठाची गिरणी बंद पडली, आणि गिरणीत दळणाला थांबलेल्या बाया डोक्यावर डबे घेऊन, आता काय करायचं म्हणून, लिंबाखाली सावलीला आल्या. एरवी त्या वेळेला झाडाखाली चिटपाखरू नसायचं. बिभीषणनं झाडाखालची गर्दी हटवायला जेवढी व्यवस्था केली होती, तेवढ्या व्यवस्थेनं तिथं जत्रा भरली.

आणि मग भिवराबाई आली. भिवराबाईच्या शेळ्या गावात प्रसिद्ध होत्या. दुष्काळात त्यांनी पोस्टाच्या पेटीवरचा रंगसुद्धा चाटला होता. लिंब तोडणार हे कानावर येताच ती सगळा कळप घेऊन दोरीपाशी येऊन उभी राहिली.

"मावशे, मागं सर," बिभीषण म्हणाला.

"म्या मागंच हाय. शेळ्या म्होरं हायेत."

"शेळ्या मागं घे. वाळकी फांदी तोडायलोत, तिला पाला न्हाई."

"वाळकी?" भिवराबाईचा चेहरा पडला. "आरं, मंग हिरवी तोड की. वाळकीचं काय लोनचं घालतोस?"

बिभीषणनं सगळ्यांना हात जोडून, जाकीट दाखवून, शेवटी आसारामआबांचं नाव घेऊन दोरीच्या बाहेर काढलं आणि म्हाळूला वर चढवलं. म्हाळू शिडीनं बेचक्यापर्यंत गेला, तिथून वर सरकला. कमरेला दोर, हातात करवत, डोक्यात हेल्मेट. खालून तो चंद्रावर निघाल्यासारखा दिसत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या काही त्याला ऐकू आल्या नाहीत.

बिभीषणनं दोन शिट्ट्या मारल्या. म्हाळूनं वाळक्या फांदीला करवत लावली. खर्र खर्र आवाज सुरू झाला आणि बिभीषणच्या छातीत काहीतरी सुखद हललं. नियोजन, तो मनात म्हणाला.

तोच एक शेळी दोरीखालून आत शिरली. एक शिट्टी. करवत थांबली. शेळी काढायला भिवराबाई आत शिरली. भिवराबाईला काढायला तिची सून शिरली. सून शिरलीच आहे म्हटल्यावर गिरणीतल्या दोघीजणी विसरलेला डबा उचलायला शिरल्या. बिभीषणनं घाबरून तीन शिट्ट्या मारल्या. म्हाळू करवत टाकून, दोर सोडून सरसर खाली आला. तोवर सगळ्या बाहेर गेल्या होत्या, म्हणून बिभीषणनं त्याला पुन्हा वर जायची खूण केली. तो वर पोचतो न पोचतो तोच दुसरी शेळी आली.

असं बरंच चाललं. म्हाळू वर जायचा, खाली यायचा. शेवटच्या खेपेला त्यानं खाली येऊन हेल्मेट उपसलं.

"सायेब, म्या मानूस हाय का माकड?"

"तुझ्यासाठीच करायलोय म्हाळू."

"माझ्यासाठी कुनी एवढं करतंय, म्हून तर भ्या वाटायलंय," म्हाळू म्हणाला. पण त्यानं हेल्मेट घातलं आणि तो परत चढला. इतक्या वेळा चढउतार झाल्यामुळे असेल, किंवा काळ्या काचेमुळे असेल, या खेपेला तो बेचक्यातून उलट्या अंगानं वर गेला आणि तोंड दुसरीकडं करून बसला. पहिल्यांदा जी वाळकी फांदी त्याच्या समोर होती, ती आता पाठीमागं होती. समोर होती ती हिरवी.

बिभीषणच्या हे लक्षात आलं नाही, कारण तेवढ्यात रस्त्यावर टँकर आला.

गावाचा हौद डेअरीच्या पलीकडंच होता. तिथं जायचं तर टँकरला गल्लीच्या तोंडापासून उलटं यावं लागायचं. क्लीनर खाली उडी मारून मागं गेला, त्यानं खिशातून शिट्टी काढली आणि ड्रायव्हरला इशारा द्यायला सुरुवात केली.

"पीप, पीप."

झाडावर म्हाळूनं करवत लावली.

"पीप, पीप," क्लीनरनं वाजवलं. टँकर मागं आला. करवत जोरात चालली. बिभीषणनं वर पाहिलं. म्हाळू हिरवी फांदी कापत होता.

त्यानं जीव खाऊन एक लांब शिट्टी मारली. म्हाळू थांबला. टँकरही थांबला.

"काय झालं बे?" ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"मी न्हाई वाजवली," क्लीनर म्हणाला. "चल, येऊ दे. पीप, पीप."

टँकर हलला. करवतही हलली.

बिभीषणनं एक वाजवली. दोन्ही थांबलं. क्लीनरनं दोन वाजवल्या. दोन्ही सुरू झालं. थोडा वेळ मोरखोरीत असा प्रकार चालला की टँकर आणि म्हाळू एकाच मालकाचे दोन बैल असावेत. लोकांना हे फार आवडलं. शेवटी बिभीषण धावत क्लीनरकडं गेला.

"शिट्टी बंद करा. वर मानूस हाय."

"शिट्टी बंद करू, मंग गाडी काय तुमी ढकलत आनता?" क्लीनर म्हणाला. "तुमीच बंद करा. कावून मारायलात मघापासून?"

"मी सुरक्षिततेसाठी मारायलोय."

"मी बी त्याच्यासाठीच मारायलोय," क्लीनर म्हणाला, आणि ते खरं होतं.

बिभीषणनं तीन शिट्ट्या मारून पाहिल्या, पण क्लीनरच्या दोन त्यांत मिसळल्या आणि म्हाळूला पाच ऐकू गेल्या. आता स्वतः वर जाऊन म्हाळूच्या पाठीवर थाप मारणं एवढाच उपाय उरला. बिभीषण शिडीकडं धावला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. दोर न बांधता चढायचं नाही. तो खाली उतरला. उरलेला दोर शोधला, कमरेला बांधला, गाठ शिबिरात दाखवली होती तशी आहे का ते पाहिलं, नव्हती, म्हणून सोडून परत बांधली. वर करवत चाललीच होती. मग तो शिडी चढून बेचक्यात पोचला, आपल्या दोराचं दुसरं टोक खोडाला आवळलं आणि म्हाळूच्या पाठीकडं हात लांबवला.

फांदी तेव्हाच कडाडली.

एवढी मोठी हिरवी फांदी अंगावर आली असती तर निदान निम्म्या रांगेचं काही खरं नव्हतं. पण रांग होतीच कुठं. टँकर हौदाला लागल्याबरोबर आख्खं गाव घागरी घेऊन तिकडं पळालं होतं. फांदी मोकळ्या जमिनीवर धप्पकन पडली. पडताना तिच्या शेंड्यानं शिडी उडवली आणि शिडीचे दोन तुकडे केले. धूळ खाली बसायच्या आत भिवराबाईच्या शेळ्या तिच्यावर तुटून पडल्या. म्हाळू आपला दोर सोडून पलीकडच्या अंगानं, सवयीनं, अर्धा उतरला आणि अर्धा पडला. उठून त्यानं हेल्मेट काढलं, जमिनीकडं पाहिलं, वर पाहिलं.

"ही कुनी तोडली?" त्यानं विचारलं.

वर बेचक्यात बिभीषण बसला होता. दोर ओढला जाऊन गाठ अशी आवळली होती की नखानं सुटेना. खाली शिडी नाही. सुटायला कात्री, कोयता काही नाही. म्हाळूची करवत फांदीबरोबर खाली गेलेली. पिवळ्या जाकिटामुळे तो लांबूनही चांगला दिसत होता.

तेवढ्यात आसारामआबा आले. त्यांनी सगळा प्रकार कंबरेवर हात ठेवून पाहिला.

"बिभीषणा, तू वर काय करायलास?"

"थांबवायला आलतो आबा."

"मंग थांबव की. आता काय बाकी ऱ्हायलंय?"

सुटकेची खटपट सुरू झाली. म्हाळू म्हणाला, उडी मारा, खाली आम्ही घोंगडं धरतो. बिभीषणनं वरून विचारलं, घोंगड्याची चारी टोकं किती ताकदीची आहेत. आबा म्हणाले, बैलगाडी उभी करून तिच्यावर खाट ठेवू. बिभीषण म्हणाला, चाकाखाली दगड लावून सुद्धा गाडी सरकते, चित्र पाहिलंय. म्हाळू म्हणाला, मग मीच येतो तुम्हाला पाठकुळी घ्यायला.

"लाईट आली का बघ आधी," बिभीषण म्हणाला.

गिरणीचा पट्टा फिरायला लागल्याचा आवाज आला. लाईट आली होती. लाईनमन फांदी पडल्याचा आवाज ऐकून, काम झालं असं समजून वीज सोडून सिरसाळ्याच्या बाजूला निघूनही गेला होता.

"मंग कुनीच यायचं न्हाई," बिभीषण म्हणाला. "तार जवळ हाय. म्या हितं बरा हाय."

"किती वेळ?" आबांनी विचारलं.

बिभीषणनं विचार केला. "लाईनमन येईस्तोवर."

"त्यो उद्या येतोय, आला तर," आबा म्हणाले आणि हताश होऊन भिवराबाईच्या शेळ्यांकडं पाहू लागले.

मग केशरबाई आली. तिच्या काखेत घागर होती आणि हातात पाण्याच्या नळीचं भेंडोळं. तिनं नवऱ्याकडं वर पाहिलं. नवऱ्यानं तिच्याकडं खाली पाहिलं.

"हाय का काई लागलं?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"पडताल का?"

"न्हाई. लई घट बांधलंय."

"मंग बसा थोडं. टँकरला नळी लावून येते, न्हाईतर पानी सरंल."

ती गेली. बिभीषणला राग आला नाही. पाणी सरलं असतं हे त्यालाही माहीत होतं.

केशरबाईनं टँकरच्या वरच्या झाकणातून नळी सोडली, दोन्ही पिंपं आणि हंडा भरून घेतला, मग ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली. ती काय बोलली ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण ड्रायव्हरनं मुकाट्यानं गाडी चालू केली. बाकीच्या बाया ओरडत आपापल्या नळ्या धरून टँकरबरोबर चालत आल्या. क्लीनर पुढं होता.

"पीप, पीप."

टँकर पडलेल्या फांदीला वळसा घालून लिंबाखाली येऊन उभा राहिला. टँकरची पाठ बेचक्याच्या थोडीशीच खाली आली. केशरबाईनं कमरेचा विळा काढून वर फेकायला हात उचलला, बिभीषणनं डोळे मिटले, म्हणून तिनं तो काठीला बांधून वर दिला. बिभीषणनं दोर कापला. तारेकडं पाहत, खोडाला धरून, त्यानं अत्यंत सावधपणे एक पाय खाली सोडला. तो इतका तारेकडं पाहत होता की खाली पाहायचं राहिलं. पाय टँकरच्या पाठीवर न पडता उघड्या झाकणातून आत गेला, गुडघ्याच्याही वर, वहाणेसकट.

ज्यांच्या घागरी अजून भरायच्या होत्या त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"माय माय, पेयाच्या पान्यात पाय घातला."

"आता हे कुनी प्यावं?"

"वहान तरी काढायची."

"भांडी घासायला चालतंय की," केशरबाई शांतपणे म्हणाली. तिचं पाणी भरून झालं होतं.

पुढचे काही दिवस बिभीषणला गावातून फिरणं अवघड झालं. चहाच्या टपरीवर कुणी पाणी मागितलं की विचारायचे, साधं पाहिजे का सचिवाचं. तो दिसला की पोरं दोन शिट्ट्या मारायची. आबांनी त्याला बोलावून सगळ्यांदेखत सुनावलं. "वाळकी हाय तितंच हाय आन सावली तेवढी घालवलीस. आता बायांनी उन्हात उभं ऱ्हावं का?"

बाया उन्हात उभ्या राहणारच नव्हत्या. त्यांनी किटल्या उचलल्या आणि पलीकडं सोसायटीच्या खताच्या गोदामाच्या पडवीत जाऊन बसल्या. दूध मोजायचा काटा आणि फॅटचं मशीन बिभीषणनं रोज सकाळी तिथं उचलून न्यायचं, आणि दूध झालं की परत आणायचं, असं आबांनी ठरवलं. बिभीषणनं मान खाली घालून ते कबूल केलं. जाकीट त्यानं म्हशीच्या गोठ्यात खुंटीला टांगलं होतं. एवढा खटाटोप कशासाठी केला, असं केशरबाईनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "तू त्या फांदीखाली उभी ऱ्हायचीस, म्हून केलतं सगळं." ती भाकरी थापायची थांबली आणि मग परत थापायला लागली.

त्यानंतर एका सकाळी पडवीत रांग लागलेली होती. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. बिभीषण आबांनीच आणलेली किटली काट्यावर ठेवत होता. समोरच्या मोकळ्या जागेत लिंब एकटा उभा होता.

आधी चिरल्यासारखा बारीक आवाज झाला. सगळ्यांनी तिकडं पाहिलं. मग ती वाळकी फांदी, कुणी न हलवता, कुणी न कापता, बुडातून निखळली आणि आख्खीच्या आख्खी खाली आली. जिथं रोज बाया उभ्या राहायच्या, तिथंच. जमीन हादरली, पडवीतल्या किटल्यांची झाकणं वाजली. धूळ उडाली ती पडवीपर्यंत आली.

धूळ बसली. एका बाईनं लेकराला छातीशी धरलं. भिवराबाई हात जोडून नुसतीच पाहत होती.

आसारामआबा काट्याजवळून पुढं झाले. "बिभीषणा," ते सावकाश म्हणाले, "हिरवी आधी तोडली की सावली जाती, सावली गेली की बाया हितून उठतेत, आन मंग वाळकी पडू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. तू हे आधीच धरून चाललातास?"

"तसंच ठरलं होतं आमचं," रांगेतून म्हाळू ठामपणे म्हणाला. "वाळकीवर चढनं धोक्याचं. सायेबानं लई डोकं लावलं. म्या उगं बोललो न्हाई कुनाला."

सगळी रांग बिभीषणकडं पाहायला लागली. त्याच्या कपाळावर घामाच्या धारा होत्या. तो प्रामाणिक माणूस होता. त्यानं खरं काय ते सांगायला तोंड उघडलं.

"हो म्हणा," केशरबाई हळूच म्हणाली.

बिभीषणनं तिच्याकडं पाहिलं. ती आपल्या रोजच्या जागेवर पडलेल्या फांदीकडं पाहत होती.

"हो," बिभीषण म्हणाला.

केशरबाईनं किटली काट्याजवळ सरकवली. "आता माप घ्या, दूध नासंल," ती म्हणाली, आणि पदर पुढं घेऊन सगळ्या रांगेदेखत तिनं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.